दोन गल्ल्यांचं एक अंगण

त्याचं खरं नाव असेल कुठेतरी कागदोपत्री. उबवणी केंद्रात, रस्त्यावर, सासुरवाडीत सगळीकडे त्याला ‘दोनदा’ म्हणत. कुलूप लावून चार पावलं गेला की माघारी यायचा आणि कुलूप ओढून बघायचा. गॅस बंद केला की परत एकदा बंद करायचा. पत्र टाकलं की पेटीच्या फटीत बोटं घालून ते आत पडलं का, हे चाचपायचा. त्याची आई म्हणायची, “हा पोटातसुद्धा दोनदा फिरला. एकदा बाहेर यायला, आणि एकदा आत काही राहिलं का ते बघायला.”

तारेच्या कामात असा माणूस चांगला, असं त्याच्या पहिल्या साहेबाला वाटलं आणि त्याने त्याला टेलिफोनच्या खांबांवर चढवलं. खांबावर तो बरीच वर्षं होता. मग खांब गेले, तारा जमिनीत गेल्या, माणसांची बोलणी काचेच्या धाग्यांतून पळायला लागली, आणि दोनदाही त्यांच्यामागोमाग खाली उतरला. हे नवं काम त्याला कुणी शिकवलं नाही. कचऱ्यात निघालेले जुने स्विच, म्हणजे बोलणी या तारेतून त्या तारेत वळवणारे डबे, तो घरी आणायचा आणि ओट्याखाली मांडायचा. बायको वर भांडी घासायची आणि हा खाली बसून त्या डब्यांना एकमेकांशी बोलायला शिकवायचा. “तुमच्या डब्यांचं जमलं की मला सांगा,” ती म्हणायची, “मग आपणही दोन शब्द बोलू.”

बायकोही त्याला या खोडीमुळेच मिळाली होती. उबवणी केंद्रात फोन जोडायला गेला, जोडला, वाजवून बघितला आणि निघाला. फाटकाबाहेरच्या दुकानातून त्याने परत तिथे फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, “अहो, आत्ताच तर लावून गेलात. चालतोय.” “खात्री केली,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “आता खात्री फोनची करताय की माझी?”

ती मुलगी केंद्रातल्या उबवणीवाल्या बाईंची. त्या बाई पुढे दोनदाच्या सासूबाई झाल्या. त्यांचं उभं आयुष्य अंड्यांत गेलेलं. शेडमध्ये पाऊल टाकताच नाकाने ओल ओळखायच्या आणि गालाला अंडं लावून ऊब सांगायच्या. यंत्रं आली, पडदे आले, आकडे आले. सासूबाई आकडे बघायच्या आणि मग गाल लावायच्याच. जावयाला त्या ‘जावईबापू’ म्हणत. त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, हे दोनदाला कधीच उलगडलं नाही.

केंद्राच्या स्विचची देखभाल त्याच्याकडे होती. त्या आठवड्यात जुन्या शेडची मागची भिंत खचली. एक भेग पायापासून छतापर्यंत गेली. भिंतीला लागून उभी होती ती शेवटच्या दिवसांची कपाटं. अंडी आधी मोठ्या यंत्रांत उबतात, आणि पिल्लं बाहेर पडायचे दिवस आले की त्यांना या कपाटांत हलवतात. मॅनेजरने कपाटं अंड्यांसकट नव्या शेडमध्ये नेली. वीज जोडली, पाणी जोडलं, स्विचची केबल ओढली. पंखे फिरले. सगळ्यांनी हुश्श केलं.

पण कपाटं मुकादमाला सापडेनात.

मुकादम म्हणजे माणूस नव्हे. जुन्या शेडमध्ये एक म्हातारं यंत्र होतं, ते तिथेच राहिलं होतं; सगळ्या कपाटांवर हुकूम चालवायचं, म्हणून त्याला सगळे मुकादम म्हणत. कुठल्या कपाटात किती गरम झालंय, कुठला पंखा किती पळवायचा, पाण्याचा फवारा केव्हा सोडायचा, हे मुकादम ठरवायचा. कपाटं त्याच्या शब्दाबाहेर नसत. शब्दच पोचला नाही तर ती आपली गोगलगाईच्या चालीने पंखे फिरवत बसत.

शेवटच्या दिवसांत अंड्याला बाहेरची ऊब लागत नाही. आतलं पिल्लू वाढलेलं असतं, ते स्वतःच शेगडी होतं. हजारो शेगड्या एका कपाटात. त्यांना वारा मिळाला नाही तर पिल्लं कवचातच भाजून मरतात.

दोनदा सकाळी पोचला तेव्हा सासूबाई आणि तीन कामकरणी बाया कपाटांची दारं हातांनी उघडत होत्या आणि लावत होत्या.

“या जावईबापू,” सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “तुमच्या तारेनं आमच्या मुकादमाची वाचा बसवली.”

“तारेचा दोष नाही, आई. बघतो.”

“दार उघडलं की धग जाते हे बरं. पण ओलही जाते. ओल गेली की कवचाआतलं अस्तर वाळतं आणि पिल्लाला आवळतं. मग चोच मारायलाही जागा राहत नाही त्याला. असं हातानं किती वेळ चालवू?”

“बघतो,” दोनदा पुन्हा म्हणाला.

“किती वेळ बघणार?”

त्याला वेळ सांगता येत नसे. उभ्या आयुष्यात त्याने कुणाला वेळ सांगितली नव्हती. वेळ सांगितली की माणूस अडकतो, असं त्याचं मत होतं. तो मान हलवून स्विचच्या खोलीकडे निघाला.

स्विच होता दोन शेडच्या मधल्या कोठीत. रिकाम्या ट्रेंच्या थप्प्या, चुन्याचा वास, एक स्टूल. दोनदाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि केबल थेट स्विचच्या पोटात खुपसली. मॅनेजर दारात उभा राहिला. बिचाऱ्याच्या शर्टाची बटणं सकाळपासून वरखाली लागलेली होती.

“नेमकं झालंय काय, ते मला समजेल असं सांग.”

“जुनी शेड ही एक गल्ली समजा,” दोनदा म्हणाला. “नवी शेड दुसरी गल्ली. ऑफिस तिसरी. आणि हा स्विच चौकात उभा. कुणी चिठ्ठी दिली, वर पत्ता असला, की हा चिठ्ठी या गल्लीतून त्या गल्लीत पोचवतो. त्याला राउटिंग म्हणतात.”

“मग पोचव की.”

“मुकादम चिठ्ठी लिहीत नाही ना. तो हाक मारतो. कोण कोण आलंय रे, अशी. हाकेला पत्ता नसतो. ती गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि विरते. कपाटं दुसऱ्या गल्लीत गेली. त्यांना ती ऐकूच येत नाही.”

“मग दोन गल्ल्या एक कर!”

“तेच करायचंय. दोन्ही गल्ल्यांमधली भिंत काढायची, एक अंगण करायचं. ते झालं ब्रिजिंग. पण नुसतं अंगण केलं तर त्याला बाहेरचं दार राहत नाही. मुकादमाला दर तासाला तुमच्या ऑफिसातून पुढचं वेळापत्रक लागतं. तुमच्या पडद्यावर धोक्याचा लाल दिवा लागायचा तोही त्याच दारातून. म्हणजे अंगणही पाहिजे आणि दारही पाहिजे. ब्रिजिंग आणि राउटिंग, दोन्ही एकाच स्विचमध्ये.”

“होतं ना तसं?”

“होतं. अंगणाला एक मानलेलं दार काढायचं. ते कुठल्याच भिंतीत नसतं, पण त्याला पत्ता असतो. जुन्या गल्लीच्या दाराचा पत्ता काढून या नव्या दारावर लावायचा.”

“मग लाव बाबा.”

दोनदाने आधी दोरी बांधली. त्याचा हा शब्द होता. विहिरीत उतरणारा माणूस कमरेला दोरी बांधतो आणि वरच्याला सांगून ठेवतो, माझी हाक आली नाही तर ओढ. तसं दोनदा स्विचला सांगून ठेवायचा: अमुक वेळात मी थांबवलं नाही, तर तू आपला आपण बंद होऊन चालू हो आणि सगळं पहिल्यासारखं कर. केलेलं काम तो लगेच सेव्हही करायचा नाही. बदल चुकला, आपण बाहेर फेकले गेलो, तरी स्विच आपल्या पायांनी जुन्या जागी परत येतो. ओट्याखालच्या डब्यांवर तो ही रीत शिकला होता आणि एकही काम त्याने दोरीशिवाय केलं नव्हतं.

दोरी बांधून त्याने एकेक ओळ लिहायला घेतली. लिहायचा, वाचायचा, परत वाचायचा, मग कळ दाबायचा. दोन्ही शेडच्या वाटा एका गटात घातल्या. जुन्या दाराचा पत्ता पुसला. पत्ता पुसला आणि अजून नव्या दाराला लावला नाही, एवढ्या मधल्या वेळात कुणीच कुणाचं नसतं. मग मानलेलं दार काढलं, त्याला पत्ता दिला, दार उघडलं.

भिंतीपलीकडून आवाज आला. आधी एक पंखा, मग दुसरा, मग सगळे एकदम. नवी शेड मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमायला लागली. मुकादमाची हाक पोचली होती.

“आले आले!” बायांचा गलका झाला.

दोनदाचा श्वास अर्धा सुटला, तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला. तो ऑफिसकडे पळाला आणि दुप्पट वेगाने परत आला.

“माझा पडदा काळा झालाय. मुकादमच दिसत नाही. काय केलंस तू? उलटं फिरव.”

“थांबा.”

“थांबा काय? वेळापत्रक आलं नाही तर तो तासाभरात जुन्याच आकड्यावर अडकून बसेल. उलटं फिरव म्हणतो ना!”

उलटं फिरवणं सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. दोरी आपोआप ओढली गेली असती. पण मग पंखे पुन्हा मंदावले असते. दोनदाने ओळी वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. पत्ता बरोबर. गट बरोबर. दार उघडं. सगळं बरोबर आणि काहीच चालत नाही, याच्याएवढी भीती त्याला दुसऱ्या कशाची वाटत नसे. चूक सापडली तर माणूस तिचा कान धरतो. न सापडली तर कुणाचा धरणार?

तिसऱ्यांदा वाचताना त्याला जन्मखूण आठवली.

प्रत्येक दाराला पत्त्याशिवाय एक जन्मखूण असते, कारखान्यात कोरलेली. यंत्रं पत्ता विचारतात एकदा, पण सामान टाकतात ते जन्मखूण बघून. नव्या दाराचा पत्ता जुनाच होता, जन्मखूण मात्र वेगळी. तरुण यंत्रं अधूनमधून पुन्हा विचारून घेतात. मुकादम म्हातारा. त्याने एकदा जे दार ओळखलं ते ओळखलं. ते पुसून गेलं तरी तो तिथेच उभा राहून कडी वाजवत होता.

“मुकादम बंद करून चालू करावा लागेल का?” मॅनेजरने विचारलं.

“त्याला आजवर कुणी बंद केलंय का?”

“नाही.”

“मग आज नको. झोपला आणि उठला नाही म्हणजे?” दोनदा म्हणाला. “त्याची आठवण बदलता येत नाही. दाराचं तोंड बदलता येईल.”

मानलेल्या दाराला जन्मखूण हाताने देता येते. त्याने जुन्या दाराची जन्मखूण शोधून काढली, अंक आणि अक्षरं एकेक करून नव्या दाराच्या नावावर लिहिली, आणि कळ दाबली. ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, “दिसला! मुकादम दिसला!”

मॅनेजरने दोनदाच्या पाठीत असा गुद्दा घातला की लॅपटॉप मांडीवरून घसरला. सासूबाई स्वतः कोठीत आल्या, जे त्या कधी करत नसत, आणि म्हणाल्या, “चला जावईबापू. तुमच्या कानांनी ऐका.” त्यांनी त्याचं मनगट धरून त्याला शेडमध्ये नेलं. पंखे भरात होते. फवाऱ्याची बारीक वाफ काचेवर बसत होती. बाया भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या.

“पोरीला म्हणत होते मी,” सासूबाई म्हणाल्या, “हा माणूस कुलपाशी लग्न लावणार. पण बरं झालं तुमचं आणि तिचं.”

असं कौतुक त्याला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं. तो काचेवरची वाफ बघत उभा राहिला, आणि तो तसा उभा असतानाच पंख्यांचा सूर बदलला. घरंगळत यावा तसा आवाज खाली आला. एकेक कपाट मंद झालं.

दोनदाला आठवलं. दोरी. बांधलेली दोरी सोडायची राहिली होती. स्विच सांगितल्याबरहुकूम बंद झाला होता, आणि चालू होऊन पहिल्यासारखा होणार होता. सेव्ह केलेलं नव्हतं. अंगण गेलं, दार गेलं, जन्मखूण गेली.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“माझ्याच हातून झालं, आई. परत सगळं पहिल्यापासून लिहावं लागणार.”

बाया दारांकडे धावल्या. सासूबाईंनी हात आडवा केला. त्यांनी काचेवर गाल टेकवला, डोळे मिटले, आणि मग जावयाकडे वळल्या.

“किती वेळ?”

“बघतो, मी लगेच—”

“बघतो नको. वेळ सांगा. सकाळपासून दारं उघडून उघडून आत ओल उरलेली नाही. आत्ताशी कुठे वाफ धरली होती. आता परत उघडली तर अस्तर आवळून मरतील. बंद ठेवली आणि तुम्हाला उशीर झाला तर भाजून मरतील. दोन्ही माझ्याच हातानं. म्हणून विचारते. किती वेळ?”

दोनदा मनात हिशेब करू लागला. स्विच जागा व्हायला लागेल तो वेळ, लिहायला लागेल तो वेळ, परत वाचायला लागेल तो वेळ. काही अडलंच तर? अजून एखादी जन्मखूण कुठे लपली असेल तर?

“दहा मिनिटं,” तो म्हणाला.

“ठरलं?”

“ठरलं.”

“दाराला कुणी हात लावायचा नाही गं,” सासूबाई बायांना म्हणाल्या, आणि स्वतः पहिल्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

कोठीत स्विच अजून डोळे किलकिले करत होता. एक दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. त्या यंत्राला घाई करता येत नाही. दोनदा स्टुलावर बसून त्या दिव्यांकडे बघत राहिला. पलीकडे भिंतीमागे किती शेगड्या पेटल्या असतील, हे मनात येऊ नये म्हणून त्याने ओळी तोंडपाठ म्हणायला घेतल्या. मॅनेजर दारात होता. एकदा त्याने घसा खाकरला.

“बोलू नका,” दोनदा म्हणाला.

स्विच जागा झाला. पहिली ओळ लिहायच्या आधी दोनदाचं बोट थांबलं. दोरी बांधायची? सवयीने हात तिकडेच जात होता. पण दोरी विहिरीत उतरणाऱ्याला लागते, आणि आज तो काठावरच होता; केबल थेट स्विचच्या पोटात, बाहेर फेकलं जायची भीती नव्हती. त्याने दोरी बांधली नाही. लिहायला लागला. दोन वाटा, एक गट. पत्ता पुसला. मानलेलं दार काढलं. जन्मखूण लिहिताना एक अक्षर चुकलं, स्विचने ओळ नाकारली. परत लिहिली. एका ठिकाणी बोट घामाने घसरलं. पत्ता लावला, दार उघडलं, आणि या वेळी लगेच, कुठलीही वाट न बघता, सेव्ह केलं.

कोठीतून या वेळी त्याला काही ऐकू येईना. कानात स्वतःचंच रक्त घुमत होतं.

मॅनेजरचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि फोन खाली घेतला. “तुझ्या सासूबाई म्हणतायत, पंखे फिरले.”

“ऑफिस?”

“दिसतंय. सगळं दिसतंय.”

दोनदाने घड्याळ बघितलं. दहा मिनिटांच्या वर गेलं होतं. फार नाही, पण गेलं होतं. तो शेडमध्ये आला तेव्हा सासूबाई अजून कपाटाला पाठ लावूनच उभ्या होत्या, पदर घामाने भिजलेला. दारं त्यांनी उघडली नव्हती. दहा झाल्यावरही उघडली नव्हती.

“आई, थोडा उशीर—”

“कळलं मला,” त्या म्हणाल्या. “आता उद्यापर्यंत दार उघडायचं नाही. आत काय झालंय ते आतच राहू दे.”

रात्री घरी त्याने उचललेला घास परत ताटात ठेवला. बायकोने ते बाजूला सारलं.

“आई काय म्हणाली?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“आत काय झालंय ते आतच राहू दे, एवढंच.”

बायकोने ताट उचलून आत नेलं. मग म्हणाली, “ती शिव्या देते तेव्हा बरं असतं.” तिला आपल्या आईची भीती वाटली होती की नवऱ्याची कीव आली होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो शेडच्या दाराशी होता. सासूबाई आधीच आल्या होत्या. पहिल्या कपाटाचं दार उघडलं तसा आतून एकच कल्लोळ बाहेर आला; ओली, चिकट, पिवळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि बाया हसत ट्रे ओढत होत्या. दुसरं तसंच. तिसरं, चौथं. शेवटचं कपाट कोपऱ्यात होतं, तिथे वारा आधीच कमी लागायचा. ते उघडलं आणि आवाज आला नाही.

अर्ध्याहून जास्त अंडी तशीच होती. कुठे कवचाला नुसता तडा, कुठे तोही नाही. बाया मागे सरल्या. दोनदाला तिथून निघून जावंसं वाटलं, पण तो कपाटापाशी आला.

सासूबाई खाली बसल्या. एक अंडं उचललं, कानाला लावलं, ऐकलं, आणि डावीकडच्या बादलीत ठेवलं. दुसरं उचललं, तेही बादलीत. तिसरं. घाई नाही, राग नाही. चौथं अंडं त्यांनी बराच वेळ कानाशी धरलं, मग जावयापुढे केलं.

“ऐका.”

त्याने कानाला लावलं. आधी काहीच नाही. मग आत, अगदी खोल, कुणीतरी नखाने खरवडावं तसं. थांबलं. पुन्हा.

“आहे,” तो म्हणाला. “आहे हे. आई, बाकीची किती गेली माझ्यामुळं?”

“ते नंतर रडू आपण दोघं मिळून,” सासूबाई म्हणाल्या. “आधी बोलणारी काढा. यांना ओलं फडकं लागेल, कवच मऊ व्हायला. बसा खाली.”

तो खाली बसला. त्यांनी पुढचं अंडं कानाला लावलं, आणि त्याने फडकं पाण्यात बुडवून पिळलं.